रंगाच्या बादलीतलं विरजण

गोग्गो जेनाबूला ज्याची किळस येत नाही अशी वस्तू मेगांगा गावात शोधून सापडली नसती. बाजारातल्या मांसावर घोंघावणाऱ्या माशांची किळस कुणालाही येते, त्यात काय मोठंसं. जेनाबूला पाहुण्याने ओठ लावलेल्या पेल्याची यायची, ओल्या हाताने दिलेल्या नाण्यांची यायची, रस्त्यात कुणी शिंकलं तर तिकडून येणाऱ्या वाऱ्याची यायची. पाऊस पडून गेल्यावर तांबड्या चिखलात ट्रकचं तेल मिसळतं आणि त्यावर रंग उमटतात. ते रंग बघून पोरं हरखायची आणि ही थुंकायची. थुंकून झालं की स्वतःच्या थुंकीचीही किळस यायची, मग त्यावर पायाने माती लोटायची.

गाव तिला तोंडावर गोग्गो म्हणजे आत्या म्हणायचं आणि पाठीमागे नुसतं नाक. "नाक आलं," असं कुजबुजत बायका आपापल्या भांड्यांवर झाकण ठेवायच्या. साबणाने धुतलेला भोपळ्याचा तुंबा कुठला आणि राखेने धुतलेला कुठला, हे ती चार पावलांवरून सांगायची.

हे सुरू झालं ती आठ वर्षांची असताना. मामाच्या घरी तिला वाडगाभर दूध दिलं होतं आणि त्यात माशी पडली. मोठी, हिरवी, पाय हलवणारी. मामाने ती बोटाने काढून टाकली आणि वाडगा परत तिच्या हातात दिला. "पी," तो म्हणाला. "आपल्यात तोंड वाकडं करत नाहीत." आम्हा फुलानी लोकांत याला पुलाकू म्हणतात. भूक लागली तरी सांगायची नाही, दुखलं तरी कण्हायचं नाही, आणि घशाशी आलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. जेनाबूने दूध तळापर्यंत प्यायलं, मामाला छान आहे म्हणून सांगितलं, आणि मग धान्याच्या कणगीमागे जाऊन आतडी बाहेर येईतो ओकली. त्या दिवशी तिला दोन गोष्टी मिळाल्या, एक नाक आणि एक चेहरा. दोन्ही जन्मभर पुरल्या. नाकाला सगळं कळायचं आणि चेहऱ्यावर काही उमटायचं नाही.

आणि अशा बाईचं दही गावात सगळ्यांत चांगलं होतं, यात नवल नाही. ज्याला जगाची घाण दिसते त्याच्याच हातून स्वच्छ काम होतं. दूध ती स्वतः काढायची, दुसऱ्याच्या हाताचा भरवसा नाही. उकळून ते निववायची. बाकीच्या बायका दुधात करंगळी बुडवून ऊन किती ते बघतात. दुधात बोट? जेनाबू मडक्याला बाहेरून गाल लावायची. गालाला सोसेल इतकं झालं की छोट्या तुंब्यातलं विरजण घालायची, वर विणलेलं झाकण आणि घोंगडी. सकाळी दही असं लागलेलं असायचं की पळीने कापलं तर कड उभी राहायची. त्याला भाजलेल्या कणसाचा वास यायचा आणि चव घशाखाली उतरल्यावर मागे किंचित कडसर राहायची. तो वास आणि ती कडसर चव दुसऱ्या कुठल्याही घरच्या किंदिर्मूला नव्हती. किंदिर्मू म्हणजे हेच, उकळलेल्या दुधाला विरजण लावून केलेलं दही. तो सगळा गुण विरजणाचा होता. जेनाबूच्या आजीने, अस्ताने, ते आपल्या मुलीला दिलं. तिने, म्हणजे इन्ना दुदूने, इन्ना म्हणजे आई, ते जेनाबूला लग्नात दिलं. नवरा मेला, दुष्काळ आला, निम्म्या गाई गेल्या, पण विरजण एक दिवस मोडलं नाही.

मागायला पुष्कळ बायका यायच्या. "गोग्गो, चमचाभर द्या ना." जेनाबू त्यांच्या हातातल्या भांड्याकडे बघायची, नखांकडे बघायची आणि म्हणायची, "आज जरा आंबट झालंय गं, उद्या ये." त्या उद्याला कधी सूर्य उगवला नाही. आपल्या आईची वस्तू कुणाच्या मळक्या वाडग्यात जाऊन बसणार, या कल्पनेनेच तिला शिसारी यायची.

देण्याचा प्रसंग तिच्या आयुष्यात एकदाच आला, आणि त्याला देणं म्हणायचं का हा प्रश्नच आहे. आठ वर्षांपूर्वी फिलोमेन तिच्याकडे मका कांडायला यायची. ग्बाया जमातीची बाई, आडव्या अंगाची, मोठ्याने हसणारी. एरवी नदीचे मासे धुरावून विकायची आणि घरी ज्वारीची दारू करायची, म्हणजे जेनाबूच्या लेखी दोन्ही नाकपुड्यांची सोय. अंगणात आली की जेनाबू वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन बसायची. एकदा दह्याचं मडकं नुकतंच उघडलेलं होतं आणि फिलोमेनने जाता जाता त्यात बोट बुडवलं आणि चाटलं.

"गोग्गो, हे काय केलंय तुम्ही," ती डोळे मिटून म्हणाली. "माझी मेलेली आई उठून बसेल याने." आणि तेच बोट, चाटलेलं, तिने पुन्हा दह्यात बुडवलं.

जेनाबूने ते बोट आणि ते मडकं बघितलं. चेहरा मात्र शांत.

"आवडलं? मग ने घरी."

"एवढं?"

"सगळं ने. मडक्यासकट ने. परत आणू नको."

फिलोमेनच्या डोळ्यांत पाणी आलं, नाकातही आलं, ते तिने मनगटाने पुसलं आणि त्याच हाताने मडकं उचललं. जेनाबूने भिंतीकडे बघितलं. ती गेल्यावर मडक्याची जागा तिने उकळत्या पाण्याने धुतली, वर निखारे फिरवले आणि दुसऱ्या दिवशी निरोप धाडला की आता कांडायला यायची गरज नाही. छोट्या तुंब्यातलं विरजण वेगळं ठेवलेलं होतं म्हणून वाचलं. तेव्हापासून मासळीच्या गल्लीतून जायचंच झालं तर जेनाबू नाकावर ओढणी दाबायची आणि श्वास धरून पार व्हायची. बहुतेक वेळा वळसा घालूनच जायची.

आता यंदाची गोष्ट. धाकटी मुलगी हब्सातू, तिचं लग्न ठरलं न्गाउंदेरे शहरातल्या चांगल्या घरात, आणि शनिवारी पाठवणी होती. जेनाबूच्या माहेरची रीत अशी की पाठवणीच्या दह्याला आईने तुंब्यातलं विरजण शेवटच्या थेंबापर्यंत घालायचं, मागे काही ठेवायचं नाही. अर्धं विरजण दिलं तर मुलगी अर्धी नांदते म्हणतात. मग मुलगी पहिल्यांदा माहेरी येते तेव्हा आईसाठी विरजण परत आणते, तोवर आईच्या घरी दही लागत नाही. पाठवणीच्या वेळी सासरची वडीलधारी बाई विचारते, हे कुणाचं? तेव्हा आईने ते ज्या ज्या हातांतून आलं त्यांची नावं घ्यायची. एक जरी नाव गाळलं तर विरजण वर्षाच्या आत मरतं, असं इन्ना दुदू सांगायची. जेनाबू एरवी असल्या गोष्टींना फारशी भीक घालत नसे, पण ही तिच्या आईने सांगितलेली होती.

मंगळवारी तिने तांबडी गाय पिळली. तांबडीच्या मागच्या खुराला फडकं बांधलेलं होतं आणि फडक्यातून पिवळं काही पाझरत होतं. जेनाबूने एकदा पाहिलं आणि मान फिरवली ती धार संपेपर्यंत तिकडे वळवली नाही. पू बघायची तिची तयारी नव्हती. त्याच दुधात तिने रीतीप्रमाणे तुंब्यातलं सगळं विरजण घातलं. तिथेच घात झाला, पण सगळा दोष नाकाचा नाही, थोडा शेळीचाही आहे.

आमच्यात पहिल्या मुलाचं नाव आई घेत नाही, त्याच्याशी फार बोलतही नाही. लाज असते ती, आणि मायाही तीच. जेनाबूचा थोरला बत्तीस वर्षांचा झाला, दोन मुलांचा बाप झाला, आणि मायलेकांचं सगळं बोलणं दाराशी बांधलेल्या शेळीमार्फत चालायचं. "शेळे, उद्या मी गुरं घेऊन लांब जातोय," तो म्हणायचा. "शेळे, लांब जाणाऱ्याने घोंगडी न्यावी," ती आतून म्हणायची. घराच्या सगळ्या गोष्टी त्या शेळीला ठाऊक होत्या. त्या सोमवारी तो दाराशी आला आणि म्हणाला, "शेळे, तांबडीचं खूर चिघळलं म्हणून मी तिला सुई दिलीय. औषधवाल्याने सांगितलंय, पाच दिवस तिचं दूध विरजायला घेऊ नका." शेळी पाला चघळत होती. जेनाबू त्या वेळी घरामागे होती. एका पाहुणीने रांजणात हात घातला म्हणून आख्खा रांजण ओतून देत होती. थोरल्याला आतून काही उत्तर आलं नाही, पण उत्तर कधी कधी येत नसेच. आपलं सांगून झालं असं समजून तो गुरं घेऊन गेला.

बुधवारी सकाळी जेनाबूने झाकण काढलं. दूध होतं. तसंच, पातळ, कोमट. तिने नाक जवळ नेलं. काहीच वास नव्हता. आंबट नाही, गोड नाही, भाजल्या कणसाचा तर नाहीच. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नाकाला एखाद्या वस्तूत काही सापडलं नाही आणि तिला भीती वाटली. तिने ते उन्हात ठेवलं, घोंगडीत गुंडाळलं, चुलीजवळ सरकवलं. संध्याकाळी त्यावर हिरवट पाणी सुटलं होतं. पळी घालून उचलली तर दुधाची तार निघाली, लांबच लांब, आजारी बैलाच्या तोंडाची लाळ लोंबते तशी. हब्सातूने "इन्ना, फेकून दे ते," म्हणेतो जेनाबू ती तार बघत राहिली. मग उकिरड्यावर ओतायला गेली, आणि ओतताना तिला वाटलं की आपण आईला उकिरड्यावर ओततोय.

थोरला त्याच संध्याकाळी परत आला. रिकामं मडकं बघितलं, तुंबा बघितला आणि शेळीपाशी उभा राहिला.

"शेळे, मी सोमवारीच सांगितलं होतं."

"शेळे," जेनाबू आतून म्हणाली, "त्याला म्हणावं, पुढच्या वेळी माणसाला सांग."

हे त्यांचं आयुष्यातलं सगळ्यांत मोठं भांडण.

"बाजारातून कुणाचं तरी विरजण आणू," हब्सातू म्हणाली. "कोण ओळखणार आहे?"

"मी ओळखणार आहे," जेनाबू म्हणाली. पण दुसरा रस्ता नव्हता. मुलीच्या डोक्यावर रिकामा तुंबा देऊन पाठवणार कशी? गुरुवारचा बाजार होता. तिने छोटा तुंबा घासला, धुरी दिली, कमरेच्या वस्त्रात खोचला आणि जन्मभर जिथून नाक मुरडत गेली तिथेच चाखत फिरायला निघाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

पहिल्या बाईचं दही पांढरं स्वच्छ होतं आणि त्याला पिशवीतल्या दुधाच्या पावडरीचा वास होता, जुन्या खडूसारखा. जेनाबूने गिळलं. "छान आहे," म्हणाली. दुसरी तिच्यासमोर दही घुसळत होती, कोपरापर्यंत हात आत, आणि काखेतला घाम हातावरून निथळत कुठे जात होता ते दिसत होतं. तेही जेनाबूने घोटभर घेतलं. "छान आहे." तिसरीने आपल्याच पेल्यातलं उरलेलं पुढे केलं. त्यात केस होता. केस जिभेवर आला, टाळूला चिकटला, आणि समोर ती बाई हसून बघत होती. आठ वर्षांच्या पोरीसारखी जेनाबू तिथे उभी राहिली. केसासकट गिळलं. "छान आहे, बाई."

मग ती खाटिकखान्याच्या भिंतीआड गेली आणि ओकली. पावडर ओकली, घाम ओकला, केस काही निघाला नाही. ओकताना ओढणीचं टोक पुढे आलं आणि भरलं. ती ओढणी पुन्हा नाकाला लावणं शक्यच नव्हतं. घडी करून तिने ती दोन बोटांत धरली, अंगापासून लांब. डोक्याला बांधलेला रुमाल होता, पण नाकावर ओढायला काही उरलं नव्हतं. वळसा घालायचं त्राण नव्हतं आणि घराचा जवळचा रस्ता मासळीच्या गल्लीतून होता.

गल्ली होती तशीच होती. जाळ्यांवर मासे, जाळ्यांखाली धूर, पायाखाली खवले आणि काळं पाणी. जेनाबूने श्वास धरला. दहा पावलांवर तो सुटला, आणि नाक भरून जे आत आलं त्यात मासे होते, धूर होता, सडकं पाणी होतं आणि सगळ्याच्या मागे, अगदी बारीक, भाजलेलं कणीस होतं.

ती थांबली. कणसं कुठेच भाजली जात नव्हती.

"गोग्गो?" जाळीमागून फिलोमेन उठली. आठ वर्षांत आणखी आडवी झाली होती. "तुम्ही इकडे? बसा, बसा." तिने एक पाट पुढे केला, त्यावर खवले चिकटलेले होते.

जेनाबू बसली. बसली नसती तर पडली असती. पाटाशेजारी एक प्लास्टिकची बादली होती, घराला द्यायच्या रंगाची, कडेवरून निळा ओघळ वाळलेला. वर झाकण म्हणून ताटली.

"त्यात काय आहे?" जेनाबूने विचारलं, जरी नाकाने कधीच सांगितलं होतं.

फिलोमेनने ताटली काढली. आत दही होतं. पळीने कापलेलं, कड उभी.

"तुमचंच," फिलोमेन म्हणाली. "तुम्ही दिलेलं. मडकं फुटलं दुसऱ्या वर्षी, म्हणून ही बादली. पण दही एक दिवस मोडलं नाही मी. मुलगा वारला त्या दिवशीही लावलं. बायका म्हणाल्या, हिला रडायचं सोडून दही सुचतंय. मी म्हटलं, गोग्गोने विश्वासाने दिलंय."

तिने एक पेला घेतला, आपल्या मळक्या वस्त्राने आतून पुसला, भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. पेल्याला माशाचा वास होता. जेनाबूने चाळीस वर्षांत दुसऱ्याच्या घरी आनंदाने पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. तिने पेला घेतला आणि प्यायली, आणि घशाखाली उतरल्यावर मागे किंचित कडसर राहिलं. इन्ना दुदूच ती. बाजूला उकिरडा, वर माशा, आणि मधोमध रंगाच्या बादलीत आई बसलेली.

"आणि मला कांडायला येऊ नको म्हणालात ना," फिलोमेन बोलतच होती, "तेव्हा आधी वाईट वाटलं. मग लोकांना सांगायला लागले, गोग्गोने मला धंदा लावून दिला. याच दह्यावर दोन मुली शिकल्या माझ्या."

जेनाबूच्या पोटात पुन्हा ढवळलं. या खेपेला तिने नाकाला विचारलं आणि नाकाने सांगितलं की पेला नाही, मासे नाहीत. ती जागा उकळत्या पाण्याने धुतली होती, निखारे फिरवले होते, ते आठवून येणारी ही ओकारी होती. स्वतःची अशी किळस तिला पूर्वी कधी आली नव्हती आणि तिच्यावर माती लोटायची सोय नव्हती.

"बरं वाटत नाही का, गोग्गो?"

"धूर," जेनाबू म्हणाली.

"लागते सवय. हब्सातू शनिवारी जातेय ना? तुमच्या कमरेला तुंबा दिसतोय." फिलोमेन हसली. पुढचं तिने विचारलं नाही. तुंबा काढून घेतला, भरला, कडेला लागलेलं बोटाने पुसलं आणि बोट चाटलं. जेनाबूने भिंतीकडे बघितलं नाही. ते चाटणं सबंध बघितलं.

दुसऱ्या गाईचं दूध घेतलं आणि शुक्रवारी दही लागलं. हब्सातूने झाकण काढून वास घेतला.

"इन्ना, कुणाचं आणलंस?"

"आपलंच आहे."

"आपलं तर मेलं."

"एका ठिकाणी जिवंत होतं."

हब्सातूने पुन्हा नाक जवळ नेलं. "याला मासळीचा वास येतोय."

"नाही येत."

"इन्ना, हे नाक तुझंच आहे. मला नको सांगूस."

मग जेनाबूने तिला सगळं सांगितलं. हब्सातूने झाकण परत ठेवलं. म्हणाली, "उद्या नावं घेताना ते एक नाव नाही घेतलंस तरी चालेल. त्या लोकांना कसं कळणार आहे? नाहीतर मी त्या घरात जन्मभर मासेवालीची होईन."

मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं. नाव घेतलं तर मुलीची अब्रू, नाही घेतलं तर आईचं विरजण. शनिवार दुपारपर्यंत जेनाबूला ठरवता आलं नाही.

पाठवणीला अंगण भरलं होतं. नवऱ्या मुलाची थोरली आत्या, अद्दा मईरामू, मधल्या चटईवर बसली होती. उंची ओढणी, हाताला अत्तर, चेहरा असा गुळगुळीत की त्याच्यावरून काही घसरून पडावं. जेनाबूने पाठवणीचा मोठा तुंबा तिच्यापुढे ठेवला. मईरामूने लाकडी पळी हातात घेतली.

"हे कुणाचं?"

"अस्ताचं," जेनाबू म्हणाली. "अस्ताकडून दुदूचं. दुदूकडून माझं." इथे ती थांबली. हब्सातू ओढणीआडून तिच्याकडे बघत होती. "माझ्याकडून फिलोमेनचं. फिलोमेनकडून हब्सातूचं."

"फिलोमेन कोण?"

"मासे विकते. बाजारात."

अंगणात कुणीतरी खोकलं. मईरामूचा चेहरा तसाच गुळगुळीत. फक्त पळी दह्यापासून वीतभर मागे आली आणि तिने बोटं ओढणीला पुसली, अजून दह्याला न लागलेली बोटं. ते पुसणं जेनाबूने ओळखलं. चाळीस वर्षं ती तसंच पुसत आली होती. ते इतकं घाण दिसतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिला त्या अत्तराच्या बोटांची शिसारी आली, अशी की मामाने दिलेला चेहरा टिकला नाही. नाक आक्रसलं, ओठ वाकडे झाले, आणि सगळ्या अंगणाने, सगळ्या सोयऱ्यांनी, गोग्गो जेनाबूच्या तोंडावर किळस बघितली.

"घ्या, अद्दा," ती म्हणाली. "पाहुण्या आहात. आपल्यात तोंड वाकडं करत नाहीत."

मईरामूने एकदा तिच्याकडे बघितलं. मग पळी भरली आणि तळापर्यंत प्यायली.

"छान लागलंय," ती म्हणाली.

खरंच लागलं होतं की पुलाकू होता, ते कुणालाच कळलं नाही. कळू नये म्हणूनच तो असतो. हब्सातूने तुंबा डोक्यावर घेतला, आईच्या पायाशी क्षणभर बसली आणि गेली. थोरला शेळीपाशी उभा होता. "शेळे," तो म्हणाला, "आज कुणीतरी चांगलं बोललं." आतून उत्तर आलं नाही, कारण जेनाबू मईरामूची पळी सात पाण्यांनी धूत होती.

रीतीप्रमाणे हब्सातू परत येईतो जेनाबूच्या घरी दही लागायचं नव्हतं. रविवारी तिने रिकामा तुंबा पाहिला. सोमवारी तो कमरेला खोचून ती मासळीच्या गल्लीत शिरली. वास होता तसाच होता, उगाच खोटं कशाला सांगा. धुतलेली ओढणी खांद्यावर होती, ती तिने खांद्यावरच राहू दिली.

फिलोमेन मासे उलथत होती.

"ते दही मी तुला दिलं नव्हतं," जेनाबू उभ्याउभ्याच म्हणाली. "तू बोट घातलंस म्हणून टाकलं होतं."

फिलोमेनने हातातला मासा नीट उलथून ठेवला.

"ठाऊक आहे, गोग्गो. मडकंसुद्धा परत नको म्हणालात, तेव्हाच कळलं."

"मग ते विश्वासाने दिलं म्हणून सगळ्यांना सांगत का फिरलीस?"

"मग काय सांगू, टाकलेलं उचललं म्हणून? मुली होत्या घरात." तिने बादलीवरची ताटली काढली. "आणि टाकलेलं असलं तरी दही चांगलं होतं."

तिने हात पुढे केला. जेनाबूने तुंबा दिला. फिलोमेनने तो भरला, कडेला लागलेलं बोटाने पुसलं, बोट चाटलं आणि तुंबा परत दिला.